आधी रेघ, मग गोष्ट

१८८१ चा उन्हाळा सरत आला होता आणि स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावात पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तिथे एक घर घेऊन सहकुटुंब राहिला होता. छातीचं दुखणं जुनं, त्यामुळे अशा हवेत बाहेर पडायची सोय नाही. त्याचा तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड सुटीला घरी आलेला. टाक, शाई आणि शिलिंगभर किमतीची रंगपेटी एवढ्या भांडवलावर या मुलाने एका खोलीचं चित्रप्रदर्शन करून टाकलं होतं. स्टीव्हन्सनही मधूनमधून त्याच्या शेजारी जाऊन रंगवत बसे. असाच एकदा बसलेला असताना त्याने एका बेटाचा नकाशा काढला आणि मन लावून रंगवला. किनाऱ्याची वळणं त्याची त्यालाच आवडली, बंदरं तर फारच. मग त्याने त्यावर नाव घातलं, 'ट्रेझर आयलंड'.

गोष्ट अजून कुठेच नव्हती. नकाशाकडे बघता बघता रंगवलेल्या झाडीतून माणसं डोकावू लागली आणि आपण कागद ओढून प्रकरणांची यादी करायला घेतली, असं त्याने पुढे १८९४ मध्ये एका लेखात सांगितलं आहे. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं झाली. लिहिलेलं घरच्यांना वाचून दाखवायचा परिपाठ होता. वडील थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहं बांधणारे नामांकित इंजिनिअर, पण या गोष्टीत ते मुलाहून मूल झाले. गोष्टीतल्या बिली बोन्सच्या पेटीत काय काय निघालं याची यादी त्यांनी एका वकिली लिफाफ्याच्या पाठीवर करून दिली. फ्लिंट या चाच्याच्या जहाजाचं 'वॉलरस' हे नावही त्यांचंच. आणि कथानकाचा मोठा भाग तर नकाशानेच पुरवला. बेटाला दोन बंदरं काढून झाली होती, म्हणून जहाज एका बंदरातून दुसरीकडे भरकटवावं लागलं आणि इझ्राएल हँड्स या चाच्याबरोबरचा तो जिवावरचा प्रसंग घडला, हे लेखकाने स्वतःच कबूल केलं आहे. त्याने हौसेने दोन खाचा काढल्या आणि त्या दोन खाचांनी त्याच्याकडून वसुली केली.

पुढची हकिकत मला जास्त बोलकी वाटते. १८८३ मध्ये पुस्तक निघायचं ठरलं तेव्हा हस्तलिखिताबरोबर नकाशाही प्रकाशकाकडे रवाना झाला. मुद्रितं आली, त्यांत नकाशा नाही. विचारणा केली तर उत्तर आलं की नकाशा पोचलाच नाही. आता आली का पंचाईत! नकाशावरून गोष्ट लिहिणं वेगळं आणि गोष्टीवरून नकाशा काढणं वेगळं. स्टीव्हन्सनला आपलंच पुस्तक पुन्हा चाळून कुठली टेकडी कुठे म्हटली आहे, कुठून काय दिसतं, अंतर किती, याची टिपणं काढावी लागली आणि कंपास घेऊन त्या टिपणांशी जुळेल असं बेट बसवावं लागलं. वडिलांच्या कचेरीत ते नव्याने रेखाटलं गेलं. पाणी उडवणारे देवमासे आले, शिडांची जहाजं आली, वडिलांनी कॅप्टन फ्लिंटची सही खोट्या हस्ताक्षरात झोकात ठोकून दिली. आज जगभर छापला जातो तो हा दुसरा नकाशा. स्टीव्हन्सनच्या लेखी मात्र ते बेट कधीच खरं झालं नाही.

हे पुस्तक अशा नकाशांचं आहे. जे देश कुठेही नाहीत त्यांचे, हाताने काढलेले, आणि ज्यांच्या पोटातून गोष्ट निघाली किंवा ज्यांच्यापायी गोष्टीला आपली चाल बदलावी लागली असे नकाशे. नकाशा म्हणजे कादंबरीच्या सुरुवातीला चिकटवलेलं शोभेचं पान, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळदा ती बरोबरही असते. पण ज्यांनी हा उद्योग मनापासून केला त्यांच्या बाबतीत उलटं घडलेलं दिसतं. रेघ मारेपर्यंत लेखक मोकळा असतो. एकदा रेघ मारली की अंतर आलं. अंतर आलं की वेळ आला, वेळ आला की दाणागोटा आला, थकवा आला, रात्रीचा मुक्काम आला. मनात असलेला देश हवा तेवढा ताणता येतो, कागदावरचा येत नाही.

या मालिकेत आपल्या पुराणांतला भूगोल बसवावा असा आग्रह होण्याचा संभव आहे. मी तो बसवलेला नाही. जंबुद्वीपाभोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र, मग प्लक्षद्वीप आणि त्याभोवती उसाच्या रसाचा समुद्र, असं करत सुरा, तूप, दही, दूध आणि शेवटी गोड्या पाण्याचा समुद्र. सात द्वीपं, सात समुद्र आणि प्रत्येक कडं आधीच्याच्या दुप्पट रुंद. जैन परंपरेतले अडीच द्वीपांचे, कापडावर रंगवलेले पट तर देखणेपणात कुणालाही हार जाणार नाहीत. हिशेबही चोख आहे. पण ते रंगवणाऱ्यांच्या दृष्टीने तो देश खरा होता. तो रचलेला नव्हता, सांगितलेला होता. त्यांना कल्पनारम्य म्हणणं हा आगाऊपणा झाला असता. इथे आपल्याला गाठायची आहेत ती आपला देश खोटा आहे हे पक्कं ठाऊक असूनही त्याच्या मैलांसाठी जीव टाकणारी माणसं.

अशा माणसांत पोरांचा नंबर पहिला. १८२६ च्या जूनमध्ये यॉर्कशरमधल्या हावर्थ गावच्या पॅट्रिक ब्राँटे या धर्मोपदेशकाने लीड्सहून आपल्या मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट दहा वर्षांची, ब्रॅनवेल नऊला टेकलेला, एमिली सात, अॅन सहा. चौघांनी एकेक शिपाई बळकावला आणि नावं ठेवली. शार्लटचा वेलिंग्टन, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. शिपायांना राज्य हवं म्हणून राज्य आलं. 'ब्लॅकवुड्स' मासिकात आलेल्या आफ्रिकेच्या नकाशावरून पश्चिम किनारा उचलला गेला, तिथे काचनगरी वसली, आणि भोवतालचा मुलूख वेलिंग्टन, पॅरी, रॉस आणि स्नीकी अशा चौघांत वाटला गेला. ब्रॅनवेलने त्याचा नकाशा काढला. शिपायांना वाचता यावीत म्हणून काडेपेटीएवढी मासिकं निघू लागली, अक्षर इतकं बारीक की भिंगाशिवाय लागू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी मुलं अगदी हेच करतात. विटा आणि गोणपाटावर माती लिंपायची, गुहेत वाघ बसवायचा, वाटी पुरून तळं करायचं, उतारावर हळीव पेरून शेतं उगवायची, माथ्यावर महाराज आणि पायथ्याला दरवाज्याहून उंच गवळण. दोन दिवस हे नुसतं सजवणं असतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतो की शत्रू कुठल्या वाटेने चढेल, आणि तिथून गोष्ट सुरू होते. मग पायऱ्या मोडून दुसऱ्या अंगाने काढाव्या लागतात, चोरदरवाजा लागतो, पाण्याची सोय वरती आहे का हे तपासावं लागतं. ब्राँटे भावंडांचा किल्ला दिवाळी सरल्यावर मोडला गेला नाही, एवढाच फरक. शार्लट विशी ओलांडून गेली तरी काचनगरीतूनच पुढे निघालेल्या अँग्रियाच्या राज्यात गुंतलेली होती आणि तिला त्यातून प्रयत्नपूर्वक बाहेर पडावं लागलं. एमिली आणि अॅन यांनी वेगळी चूल मांडून उत्तर पॅसिफिकमध्ये गोंडाल नावाचं बेट वसवलं. घरात गोल्डस्मिथचं एक शालेय भूगोलाचं पुस्तक होतं. त्यातल्या खऱ्या गावांच्या वर्णानुक्रमात अॅनने आपल्या हाताने गोंडालची नावं घुसडून ठेवली आहेत. छापलेल्या दोन नावांच्या मधल्या फटीत एक देश!

एक गोष्ट मात्र मला या काचनगरीत खुपते. त्या किनाऱ्यावर अशांती लोक राहत होते आणि मुलांच्या गोष्टीतही ते आहेत, पण हरवून हटवण्यापुरतेच. आफ्रिका कागदावर रिकामी दिसते म्हणून चौघांनी ती वाटून घेतली. पन्नासेक वर्षांनी, १८८४-८५ मध्ये, बर्लिनला जमलेल्या मोठ्या माणसांनी तेच खऱ्या नकाशावर करायचे नियम ठरवले, आणि त्याला पोरखेळ म्हणायची सोय नव्हती.

ब्राँटे भावंडं साहित्यात अमर झाली, त्यामुळे त्यांचा खेळ जपला गेला. ऑस्टिन टॅपन राइट याचं नशीब वेगळं. हा अमेरिकेत कायद्याचा प्राध्यापक. वडील हार्वर्डमध्ये ग्रीकचे अध्यापक, आई कथालेखिका. लहानपणापासून राइटच्या मनात एक देश होता. दक्षिण गोलार्धातल्या कारेन खंडाच्या टोकाचा, शेतीवर जगणारा, परकीयांना दार बंद ठेवणारा इस्लँडिया. त्याने तो मोठेपणी सोडला नाही. दिवसा कायदा शिकवायचा आणि उरल्या वेळात या देशाची दप्तरं लिहायची. तिथल्या प्रांतांची लोकसंख्या, सरदार घराण्यांच्या वंशावळी, भाषेचा शब्दसंग्रह, हवामान आणि नकाशे. एका काल्पनिक फ्रेंच वकिलाच्या नावाने त्याने देशाचा सविस्तर इतिहासही लिहून ठेवला. आणि हे सगळं झाल्यावर, त्या दप्तरांच्या आधाराने, दोन हजारांवर हस्तलिखित पानांची कादंबरी.

१९३१ मध्ये न्यू मेक्सिकोत मोटार अपघातात तो गेला. तोवर त्यातलं काहीही छापलेलं नव्हतं. त्याची पत्नी मार्गोट हिने ते सगळं बाड टंकलिखित केलं, मग तीही गेली. मुलगी सिल्व्हियाने मार्क सॅक्स्टन या संपादकाच्या मदतीने मजकूर छाटला आणि १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, हजार पानांचं 'इस्लँडिया' बाजारात आलं. मी ते वाचलं तेव्हा पहिल्या शंभर पानांत दोनदा बाजूला ठेवलं होतं, हे सांगायला हरकत नाही. कादंबरी म्हणून ती संथ आहे. पण त्यातला नायक एका गढीवरून दुसऱ्या गढीवर घोड्याने निघतो तेव्हा वाट कुठे चढते, ऊन कुठल्या खांद्यावर येतं आणि संध्याकाळी कुठल्या घरी दिवा दिसेल हे लेखकाला माहीत आहे, याबद्दल शंका उरत नाही. हा विश्वास नुसत्या वर्णनाने येत नाही. त्यामागे कुणीतरी पट्टी लावून मोजलेलं असावं लागतं.

या राइटचा धाकटा भाऊ जॉन कर्टलंड राइट हा नामवंत भूगोलज्ञ, अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीचा ग्रंथपाल आणि पुढे संचालक. १९४६ च्या अखेरीस अमेरिकी भूगोलज्ञांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून भाषण करायची वेळ आली तेव्हा त्याने विषय निवडला तो अज्ञात प्रदेशांचा आणि भूगोलातल्या कल्पनाशक्तीच्या जागेचा. ते भाषण भूगोलाच्या वर्गांत आजही वाचतात. थोरल्याचा इस्लँडिया छापून तेव्हा चार वर्षं झाली होती.

आता 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा कर्ता टॉल्किन. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की टाळावं असं वाटलं होतं, पण या विषयात त्याला वळसा घालून जाता येत नाही. आपण शहाणपणाने नकाशापासून सुरुवात केली आणि गोष्ट त्यात बसवली, उलट केलं असतं तर गोंधळ झाला असता, अशा अर्थाचं त्याने एका लेखिकेला कळवलं होतं. हे वाक्य हल्ली होतकरू लेखकांना सुविचारासारखं ऐकवतात. टॉल्किनच्या टेबलावर प्रत्यक्षात काय चाललं होतं ते पाहिलं की त्यातला शहाणपणा जरा वेगळा दिसतो.

त्याचा कामाचा नकाशा चौकटींच्या कागदावर होता, प्रत्येक मोठी चौकट शंभर मैलांची. गोष्ट कागदाबाहेर गेली की नवा कागद जोडायचा, बेत बदलला की जुन्यावर ठिगळ चिकटवायचं. वर्षानुवर्षं उघडमीट होऊन घड्या फाटलेल्या, डोंगर खोडून सरकवलेले, नद्यांची नावं तीनतीनदा बदललेली. मुलगा क्रिस्टोफर याने पुढे या नकाशाचे थर एकेक करून वेगळे वाचून दाखवले आहेत. शेजारी तारीखवार तक्ता, कोण कुठल्या दिवशी कुठे. मंडळी फुटून वेगवेगळ्या दिशांना गेली की हा तक्ता रुंद होत जाई. आणि या सगळ्यावर चंद्र. १९४४ च्या मे महिन्यात टॉल्किनने दक्षिण आफ्रिकेत हवाईदलात असलेल्या क्रिस्टोफरला कळवलं की ऐन मोक्याच्या दिवसांत आपले चंद्र भलतंच काही करताना सापडले, एका मुलखात उगवताहेत आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळताहेत. मग मागची प्रकरणं काढून दुरुस्त्या. कुठल्याही वाचकाने हे पकडलं नसतं. पकडायला आधी वाचक लागतो, आणि पुस्तक यायला अजून दहा वर्षं होती.

१९५५ मध्ये तिसऱ्या खंडासाठी गोंडोर आणि मोर्डोर यांचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा हवा झाला तेव्हा तर पितळ उघडं पडलं. लहान नकाशात खपून गेलेली अंतरं मोठ्या नकाशात एकमेकांशी भांडू लागली. बापाने दिवसचे दिवस आकडेमोड केली आणि मुलाने सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत पाठ न टेकता नकाशा पुन्हा काढला. छापील पुस्तकातल्या त्या सुबक अक्षरांमागे चोवीस तासांचं जागरण आहे.

२०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे एक फाटका नकाशा विक्रीला आला. चित्रकर्ती पॉलिन बेन्झ हिने १९७० मध्ये निघालेला टॉल्किनच्या मध्य-पृथ्वीचा भित्तिनकाशा रंगवला तेव्हा कादंबरीतून काढलेल्या या नकाशावर टॉल्किनने तिला हिरव्या शाईने आणि पेन्सिलीने सूचना लिहून दिल्या होत्या. हॉबिटन ऑक्सफर्डच्या अक्षांशावर धरावं, मिनास तिरिथ इटलीतल्या रॅव्हेनाच्या. म्हणजे कुठल्या रानात कुठलं झाड आणि कुठल्या बंदरात कसलं ऊन हे तिला ठरवता यावं. पुढच्या वर्षी बॉडलियन ग्रंथालयाने तो विकत घेतला. एरवी एल्फ आणि ऑर्क यांच्यात रमलेला म्हातारा चित्रकर्तीला सांगतो काय, तर अक्षांश!

त्यानंतर जे झालं ते मात्र फारसं कौतुकाचं नाही. साठ-सत्तरच्या दशकांपासून अद्भुत कादंबरीला नकाशा हवाच असा दंडक पडला आणि नकाशे गोष्टीआधी न निघता गोष्टीनंतर, कधी छपाईच्या आदल्या आठवड्यात निघू लागले. अर्सुला ले ग्विन हिचा सन्माननीय अपवाद. तिने अर्थसीची बेटं आधी मोठ्या कागदावर काढली, बहुतेकांवर काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं, आणि १९६८ पासून एकेक पुस्तक करत ती तिथे जाऊन बघून आली. बाकी पुष्कळ ठिकाणी चहाचे डाग पाडलेला कागद, वळणदार अक्षरं, एक काटेरी पर्वतरांग, एक शापित दलदल आणि कोपऱ्यात दिशाचक्र. डायना विन जोन्सने १९९६ मध्ये या सगळ्याची एका खोट्या पर्यटन-मार्गदर्शिकेत यथेच्छ टर उडवली. नकाशावर नाव असलेल्या प्रत्येक ठिकाणी सहलीला न्यावंच लागतं, हा तिचा शेरा कितीतरी त्रिखंडी कादंबऱ्यांना लागू पडतो. तिच्या पुस्तकातला नकाशा म्हणजे उलटा धरलेला युरोप आहे.

अशा शोभेच्या नकाशाची परीक्षा आपल्याकडचा वाचक सहज करू शकतो, कारण तो सह्याद्रीच्या सावलीत वाढलेला आहे. डोंगर काढला की ढग अडणार, एका अंगाला पाऊस आणि दुसऱ्या अंगाला टंचाई, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. महाबळेश्वर आणि माण-खटाव एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. नकाशातल्या पर्वताच्या दोन्ही बाजूंना सारखीच हिरवी रानं दिसली की समजावं, काढणाऱ्याने पर्वत नुसता शोभेला ठेवला आहे. नदी वाहता वाहता दुभंगून दोन समुद्रांना मिळाली तर तेच. (काटकोनात वळणाऱ्या मोर्डोरच्या डोंगरांबद्दल भूगर्भशास्त्रज्ञ आजही कुरकुरतात आणि त्यांचं बरोबर आहे.) उलट खरी सृष्टी अधूनमधून इतकी थापाडी वागते की कुणा कादंबरीकाराला ते माफ झालं नसतं. अरबी समुद्रापासून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर उगम पावून, त्याच्याकडे पाठ फिरवून, चौदाशे किलोमीटर लांबच्या बंगालच्या उपसागराला जाणारी कृष्णा एखाद्या हस्तलिखितात आली असती तर संपादकाने समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

खरे नकाशे आणि रचलेले नकाशे यांच्यातली भिंत किती पातळ आहे याची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जेम्स रेनेल हे नाव आपल्या इतिहासात आहे. १७६७ मध्ये बंगालचा सर्व्हेअर जनरल, नंतर हिंदुस्थानच्या नकाशाचा कर्ता. साखळ्या टाकून नद्या मोजलेला, काटेकोर माणूस. इंग्लंडला परतल्यावर त्याने मंगो पार्क या प्रवाशाच्या आफ्रिकेतल्या प्रवासवर्णनासाठी नकाशा केला आणि त्यात पश्चिम आफ्रिकेला आडवी छेदणारी कोंग पर्वतरांग घातली. ती अस्तित्वात नव्हती. नायजर नदी पूर्वेकडे जाऊन खंडाच्या आतच जिरते असा त्याचा सिद्धांत होता. मग ती दक्षिणेला समुद्राकडे का वळत नाही? तर मध्ये डोंगर असणार. पार्कने लांबून पाहिलेल्या काही शिखरांचा आधार मिळाला आणि रांग तयार झाली. पुढची नव्वद वर्षं ती एका अॅटलासातून दुसऱ्यात गेली, उंच होत गेली, काहींनी तिच्यावर बर्फही चढवला. १८८०च्या दशकाच्या शेवटी बिंजे हा फ्रेंच अधिकारी तिथून चालत गेला आणि त्याला किरकोळ टेकड्यांपलीकडे काही दिसलं नाही. नदीसाठी डोंगर लागतो म्हणून डोंगर काढायचा, ही रीत रेनेलची आणि टॉल्किनची सारखीच. टॉल्किनच्या डोंगरांनी कुणा मोहिमेला वाट चुकवली नाही, हा त्याच्या बाजूचा मुद्दा.

विल्यम फॉकनर हा रेनेल आणि टॉल्किन या दोघांच्या अधेमधे कुठेतरी उभा आहे. त्याचा यॉक्नपटॉफा परगणा म्हणजे मिसिसिपीतल्या त्याच्या स्वतःच्या मुलखाची पाठमोरी आकृती. १९३६ च्या 'अॅब्सलम, अॅब्सलम!' या कादंबरीच्या शेवटी त्याने त्या परगण्याचा नकाशा हाताने काढून जोडला. क्षेत्रफळ २४०० चौरस मैल, लोकसंख्या गोरे ६२९८ आणि काळे ९३१३, एकमेव मालक विल्यम फॉकनर, असं त्यावर लिहिलेलं आहे. विनोद म्हणून ठीक, पण ठिपक्यांजवळची नोंद बघण्यासारखी आहे. गावाचं नाव कमी, घटना जास्त. इथे अमका मोटारीत मेला, इथे तमक्याला मारलं, हा पूल, ते शेत विकावं लागलं. जमीन ओळखायची ती तिच्यावर काय घडलं यावरून. आपल्याकडची खेडीही पत्ता असाच सांगतात. लोकसंख्येचे ते दोन आकडे मात्र वेगळे लिहिण्यात त्या परगण्याची सगळी कथा आली, ते विनोदात धरू नये.

गोष्ट जवळपास नाहीच आणि नकाशा मात्र वाढतोच आहे, असाही एक प्रकार आहे. मिशिगनच्या जेरी ग्रेटझिंगर यांनी १९६३ मध्ये विरंगुळा म्हणून एका शहराच्या रेघोट्या काढायला सुरुवात केली. कागद संपला की शेजारी दुसरा, आठ बाय दहा इंचांचा. वीस वर्षांनी ते थांबले, आणि आणखी वीस वर्षांनी माळ्यावरची पेटी मुलाच्या हाती लागल्यावर पुन्हा बसले. आता तुकडे हजारोंच्या घरात आहेत. आज काय करायचं हे ते स्वतः ठरवत नाहीत, पत्त्यांचा एक जोड ठरवतो. पान उलटायचं आणि त्यावरचं काम करायचं. नवी वस्ती, रंग बदल, जुन्या तुकड्याची नवी आवृत्ती. जोडात एक पान पोकळीचं आहे. ते आलं की नकाशाच्या एखाद्या भागावर पांढरं पसरू लागतं आणि नांदती शहरं गिळतं. ग्रेटझिंगर त्या पोकळीला वळसा घालत नाहीत, फार तर तटबंदी बांधून तिला रोखायचा प्रयत्न करतात. नियम त्यांनीच केलेले आहेत, मोडले तर विचारणारं कुणी नाही.

संगणकाने क्षणात पाडलेले किनारे आणि खेळांसाठी चित्रकारांच्या फौजेने उभारलेली खंडं मी या पुस्तकाबाहेर ठेवली. त्यांत कौशल्य नाही असं नव्हे. पण बटण दाबल्यावर दुसरं खंड मिळत असेल तर पहिल्याशी बांधून घ्यायला कुणी तयार होत नाही. एक खेळ मात्र आत घेतला आहे, आणि तोही असा की ज्यात पडद्यावर एकही चित्र नाही.

विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर आणि पट्टीचा गुहा-शोधक. केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या सर्वेक्षणात तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया दोघंही होती. १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहाप्रणाली एकच आहेत हे ज्या तुकडीने सिद्ध केलं तिच्यात पॅट्रिशिया होती. मोजमापांचे आकडे संगणकात भरून त्यांचे नकाशे काढायचं काम क्राउदर करी. सत्तरच्या दशकाच्या मध्याला घटस्फोट झाला, गुहा सुटल्या, आणि मुली भेटायला येत तेव्हा त्यांना रमवायला म्हणून त्याने एक खेळ लिहिला. पडद्यावर फक्त वाक्यं. तुम्ही अमक्या दालनात आहात, पूर्वेला बोळ आहे, खाली भोक आहे. तुम्ही टाइप करायचं, 'पूर्व'. त्यातली बरीच दालनं मॅमथ प्रणालीतल्या बेडक्विल्ट भागातली, क्राउदरने स्वतः सरपटत पाहिलेली. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात आणखी चेटूक आणि खजिने भरले आणि 'अॅडव्हेंचर' या नावाने तो विद्यापीठांच्या संगणकांवरून देशभर पसरला.

नकाशा खेळात दिलेलाच नव्हता. तो खेळणाऱ्याने काढायचा. त्या काळी प्रयोगशाळांतल्या टेबलांवर चौकोन आणि बाणांनी भरलेले कागद पडलेले असत. एका ठिकाणी चक्रव्यूह आहे, जिथे सगळी दालनं शब्दशः सारखी. तिथे प्रत्येक खोलीत हातातली एकेक वस्तू टाकत जायचं, दिवा सोडून, म्हणजे पुन्हा आल्यावर ओळख पटते, आणि ती खूण कागदावर मांडायची. उत्तरेला गेलेलं माणूस दक्षिणेने परत येईलच असं नाही, त्यामुळे बाण वाकडे होत जातात आणि तिसऱ्यांदा खोडल्यावर कागद फाटतो. पुढे हा खेळ पाठ झालेल्या एका पाहुणीला बेडक्विल्टमध्ये नेलं तेव्हा पहिल्याच खेपेला तिला वाटा ओळखीच्या लागल्या, असं तिथले गुहावाले सांगतात.